साबण, पाणी आणि हजेरीवही

२०२०च्या मार्च महिन्यात देशभरातील फोनवर एक नवाच आवाज ऐकू येऊ लागला. नंबर लावला की घंटी वाजण्यापूर्वी कोणीतरी खोकत असे आणि मागोमाग सूचना येत: हात वारंवार साबणाने धुवा, खोकताना तोंडावर रुमाल धरा, इतरांपासून अंतर राखा. दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या शेठजींनी ती सूचना ऐकली, आणि त्यांच्याच नव्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर विटा चढवणाऱ्या बिगाऱ्यानेही ती ऐकली. दिवसातून दहा फोन करणाऱ्याने दहा वेळा ऐकली. माहितीच्या बाबतीत दोघांत फारसे अंतर उरले नव्हते.

अंतर होते ते फोन खाली ठेवल्यानंतर. शेठजी उठून मोरीत गेले, नळ सोडला, साबणाची वडी घेतली आणि हात धुऊन पुन्हा गादीवर आले. बिगाऱ्याच्या हातावर कोपरापर्यंत सिमेंट वाळलेले होते. नळ तळमजल्यावर, तोही एकच. त्याच नळाची नळी वरच्या स्लॅबवर पाणी मारण्यासाठी लावलेली. साबण त्याच्या पत्र्याच्या खोलीत, बायकोच्या ट्रंकेत जपून ठेवलेला, कारण तो आठवडाभर अंघोळीला आणि कपड्यांना पुरवायचा होता.

महामारी ओसरल्यानंतर त्या काळाची चर्चा निघाली की एक वाक्य हमखास ऐकू येते: "ह्या लोकांना कितीही सांगा, ऐकतच नाहीत." हे वाक्य सद्भावनेने उच्चारले जाते, तरी ते तपासून घेण्यासारखे आहे. बांधकामावरील कामगाराला रोगाविषयी काय माहीत होते, ते आचरणात आणण्यासाठी त्याच्यापाशी काय होते, आणि जे नव्हते ते पुरवणे कोणाच्या हाती होते, हा हिशेब व्यापारी कुटुंबांना समजायला कठीण नाही. आपल्यापैकी कोणी बांधकाम व्यवसायात आहेत, कोणी सिमेंट, लोखंड, फरशी, रंग विकतात. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही, तेही आयुष्यात एकदा घर बांधतात, दुकानाचे फर्निचर करून घेतात, किंवा मंदिर, स्थानक, धर्मशाळेच्या बांधकाम समितीवर काम करतात.

साईटवरचे जग

महाराष्ट्रातील मोठ्या शहरांत इमारती उभारणारे हात अनेक मुलखांतून येतात. सेंट्रिंग, प्लास्टर, फरशीकामासाठी बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशा, पश्चिम बंगाल, राजस्थान येथून, तर खोदकाम आणि बिगारीसाठी मराठवाडा, विदर्भ, तसेच कर्नाटक आणि तेलंगणाच्या कोरडवाहू जिल्ह्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे येतात. मालक आणि मजूर यांच्यामध्ये ठेकेदार, उपठेकेदार आणि मुकादम अशी साखळी असते. मुकादम गावाकडे उचल देऊन माणसे आणतो. कामावर आठवड्याला खर्ची मिळते, म्हणजे मीठमिरचीपुरती रक्कम. उरलेला हिशेब काम संपताना होतो. त्यामुळे मजुराची खरी कमाई बहुतेक वेळ दुसऱ्याच्या वहीत असते आणि त्याच्या खिशात आठवडाभराची रक्कमही क्वचितच असते.

दुसरा वर्ग नाक्यावरच्या मजुरांचा. मुंबईत ज्याला नाका म्हणतात, त्याला पुण्यात मजूर अड्डा म्हणतात. सकाळी सातला डबा आणि थापी घेऊन माणसे उभी राहतात. कोणी घेऊन गेला तर त्या दिवसाची रोजी मिळते, नाहीतर दहा वाजता परत घरी. त्यांना मालक एका दिवसापुरता असतो.

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्रीपासून ती लागू झाली. चार तासांत साईट बंद, नाका बंद, खर्ची बंद. एकवीस दिवसांची म्हणून सुरू झालेली टाळेबंदी लांबत गेली. १ मेपासून श्रमिक विशेष रेल्वेगाड्या सुटू लागल्या, पण तोवर हजारो माणसे मुलांना खांद्यावर घेऊन पायी निघाली होती. त्या लोंढ्यांना पाहून "यांना रोगाची भीती नाही" असे म्हणणारे होते. वास्तविक, भीती होती म्हणूनच ते निघाले होते. परक्या गावी, पत्र्याच्या खोलीत, पैशावाचून आजारी पडणे म्हणजे काय, याची त्यांना शहरातील सुशिक्षितांपेक्षा स्पष्ट कल्पना होती.

सूचना एक, परिस्थिती दुसरी

त्या काळातील प्रत्येक सूचना साईटवर नेऊन पाहिली की अडचण ध्यानात येते.

हात स्वच्छ ठेवण्यासाठी अनेक साईटच्या फाटकावर सॅनिटायझरची बाटली टांगली गेली. परंतु मद्यार्कयुक्त द्रव मळक्या, माखलेल्या हातांवर नीट काम करत नाही. त्यासाठी आधी मळ निघाला पाहिजे, आणि तो निघण्यास साबण आणि वाहते पाणी लागते. सिमेंट क्षारयुक्त असल्याने रोज हाताळणाऱ्याच्या बोटांना चिरा पडलेल्या असतात. अशा हातांवर सॅनिटायझर पडले की आग होते. बाटली महिनाभर भरलेलीच राहिली, तर त्याचे कारण केवळ अज्ञान नव्हते.

मुखपट्टीचेही तसेच. एप्रिल-मेच्या उन्हात डोक्यावर घमेले घेऊन तीन मजले चढणाऱ्याला तोंड बांधून श्वास पुरत नाही. घामाने भिजलेले कापड नाकाला चिकटते. त्यात धूळ बसते. मुखपट्टी खाली ओढली जाते, ती मळक्या हातांनीच. कामगाराचा गमछा त्याच्या खांद्यावर पूर्वीपासून होताच. तो रोज धुवायला पाणी आणि बदलायला दुसरा गमछा मिळाला असता, तर निम्मे काम झाले असते.

अंतर राखण्याची सूचना तर जागेशीच जखडलेली आहे. दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीत सहा-आठ माणसे झोपतात, त्याच खोलीत स्वयंपाक होतो, खिडकी बहुधा नसते. नाक्यावरची माणसे छोट्या हत्तीच्या हौद्यात खांद्याला खांदा लावून कामावर जातात. पिण्याचे पाणी एका ड्रममध्ये असते आणि त्यावर साखळीने बांधलेला पेला एकच असतो. तंबाखू एकाच्या हातावर मळली जाते आणि चिमूट चिमूट सगळ्यांना मिळते.

येथे एक शास्त्रीय मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे. करोनाचा विषाणू बंदिस्त, हवा न खेळणाऱ्या जागेत सर्वाधिक पसरतो, हे जसजसे स्पष्ट होत गेले तसतसे असे दिसले की उघड्या स्लॅबवर दिवसा चालणारे काम त्यामानाने कमी धोक्याचे होते. मोठा धोका रात्रीच्या खोलीत, सकाळच्या टेम्पोत आणि दुपारच्या जेवणाच्या घोळक्यात होता. पुष्कळ ठिकाणी खबरदारी मात्र फाटकावर घेतली गेली. कपाळासमोर तापमापक धरला, नोंदवही भरली, जंतुनाशक फवारले, छायाचित्र काढले. ताप नसलेला माणूसही रोग पसरवू शकत होता, आणि माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारणे निरुपयोगी व अपायकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या मे महिन्यातच सांगितले होते. पत्र्याच्या खोलीला एक खिडकी पाडण्याचा खर्च त्या फवारणी-यंत्राहून कमी होता.

खाड्याचा हिशेब

ताप आला तर घरी थांबा, तपासणी करून घ्या, ही सूचना सर्वांत महत्त्वाची होती, आणि पाळायला सर्वांत कठीणही. हजेरीवर काम करणाऱ्याचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची रोजी गेली. तपासणीत रोग निघाला तर चौदा दिवस विलगीकरण. त्या काळात त्याची रोजी बुडणार, त्याच्या खोलीतील सर्वांचे काम थांबणार आणि मुकादम पुढच्या वेळी त्याला आणणार नाही. अशा माणसाने दुकानातून तापाची गोळी आणून सकाळी पुन्हा घमेले उचलले, तर त्याने आपल्या परिस्थितीचा अचूक हिशेब केला होता असेच म्हणावे लागेल. चूक त्या हिशेबात नव्हती. आजार सांगणाऱ्याला दंड आणि लपवणाऱ्याला रोजी, असे नियम ज्या व्यवस्थेने घातले होते, चूक तिच्यात होती.

हाच हिशेब मालकाच्या बाजूने मांडून पाहावा. समजा, एका साईटवर ४० माणसे आहेत आणि रोजी सरासरी ६०० रुपये आहे. एकाला ताप आला. त्याला अर्ध्या रोजीवर सात दिवस विश्रांती दिली, तर मालकाला २,१०० रुपये खर्च येईल. ती न दिल्याने तो कामावर आला आणि त्याच्यामुळे आणखी सहा जण सात-सात दिवस पडले, तर ४२ दिवसांचे मनुष्यबळ बुडाले. त्याची किंमत २५,२०० रुपये. स्लॅबची तारीख पुढे गेली, सेंट्रिंगच्या प्लेटांचे भाडे चढले, ग्राहकाचा हप्ता अडकला, हे वेगळेच. बुडीत कर्जासाठी आधीच तरतूद करणारा व्यापारी आजारपणासाठी तरतूद करत नाही, कारण तो खर्च त्याच्या वहीत कधी स्वतंत्र मथळ्याखाली दिसतच नाही. तो "कामास विलंब" या नावाखाली लपून जातो.

मुंबईने हा धडा पूर्वीही एकदा घेतला होता. १८९६च्या सप्टेंबरात मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या वस्तीत, डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्या काही महिन्यांत शहरातील लाखो माणसे गावोगाव निघून गेली. गिरण्यांचे साचे ओस पडले आणि १८९७च्या आरंभी, महिन्याचा पगार थकवून ठेवणाऱ्या त्याच गिरण्यांना मजूर मिळवण्यासाठी रस्त्याच्या कोपऱ्यावर रोजच्या रोज रोख मजुरी देण्याची वेळ आली. २०२०च्या पावसाळ्यात त्याचीच पुनरावृत्ती झाली. गावी गेलेल्या कारागिरांना परत आणण्यासाठी काही बांधकाम कंपन्यांनी बसगाड्या पाठवल्या, आगाऊ रक्कम दिली, विमानाची तिकिटेही काढली. त्यातील थोडा भाग एप्रिलमध्ये खर्ची आणि शिधा म्हणून दिला असता, तर अनेक माणसे जागची हलली नसती.

सिंगापूरचा अनुभव

केवळ दारिद्र्यामुळे किंवा सरकारी ढिलाईमुळे हे घडले असे वाटत असेल, तर सिंगापूरकडे पाहावे. संपन्न देश, कडक शिस्त, उत्तम रुग्णालये. तेथे बांधकाम, जहाजबांधणी आणि कारखान्यांत काम करणारे सुमारे ३ लाख २३ हजार परदेशी कामगार वसतिगृहांत राहत होते. त्यांत बांगलादेशी होते, चिनी होते आणि आपल्या तमिळनाडूतील कामगार मोठ्या संख्येने होते. त्यांच्यासाठी त्यांच्या भाषांतून माहिती दिली जात होती. तेथील बांधकाम कामगारांतील पहिले रुग्ण फेब्रुवारी २०२०मध्येच सापडले होते, म्हणजे इशाराही वेळेवर मिळाला होता.

तरीही ५ एप्रिल २०२० रोजी पुंगोल आणि तो गुआन येथील दोन वसतिगृहे, मिळून सुमारे २०,००० माणसे, बाहेर जाण्यास मनाई करून अलग करावी लागली. पुढे एकेक करून बाकीचीही बंद झाली. खोलीत बारा ते वीस माणसे, दुमजली खाटा, सामायिक स्वयंपाकघर, सामायिक संडास. अशा ठिकाणी खोलीत थांबा म्हणणे म्हणजे रोगासोबत थांबा म्हणणे होते. डिसेंबर २०२०मध्ये त्या सरकारने रक्ततपासणीसह प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार वसतिगृहांतील ४७ टक्के कामगारांना संसर्ग होऊन गेला होता. वय तरुण आणि उपचार तत्पर असल्याने मृत्यू फार थोडे झाले.

त्यानंतर सिंगापूरने काय केले, हे पाहण्यासारखे आहे. २०२१च्या सप्टेंबरात नव्या वसतिगृहांसाठी निकष ठरले: एका खोलीत जास्तीत जास्त १२ माणसे, प्रत्येकी किमान ४.२ चौरस मीटर जागा, खाटांमध्ये एक मीटर अंतर आणि दर सहा माणसांमागे एक संडास-न्हाणीघर. रोगाला उत्तर म्हणून त्यांनी खोली मोजली, खाटा मोजल्या, नळ मोजले. हाताने मोजता येण्याजोग्या या गोष्टींतच प्रतिबंधाचा मोठा भाग असतो, हे त्यांनी जबर किंमत देऊन शिकून घेतले.

कायदा होता, दाखला नव्हता

आपल्याकडे कायद्याची उणीव होती काय? तसे म्हणता येत नाही. महामारीच्या वेळी लागू असलेला इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा १९९६चा. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या बांधकामावर पिण्याचे शुद्ध पाणी, संडास-मुताऱ्या, प्रथमोपचार, आणि कामाच्या जागी किंवा जवळ मोफत तात्पुरता निवारा, त्यात स्वयंपाक, अंघोळ व धुण्याची वेगळी सोय, हे सर्व मालकावर बंधनकारक होते. पन्नासहून अधिक स्त्री-कामगार असल्यास पाळणाघरही. ज्या गोष्टी महामारीत संसर्ग रोखू शकल्या असत्या, त्या चोवीस वर्षांपूर्वीच कायद्यात लिहून ठेवल्या होत्या.

याच कायद्याच्या जोडीने बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर गोळा होत होता आणि तो कामगार कल्याण मंडळाकडे जात होता. २०२०च्या मार्चमध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाने राज्यांना हा निधी वापरण्याची सूचना केली, तेव्हा देशभर सुमारे ५२,००० कोटी रुपये जमा होते आणि नोंदणीकृत कामगार साडेतीन कोटींच्या घरात होते. महाराष्ट्राने २०२०मध्ये नोंदणीकृत कामगारांच्या खात्यावर आधी २,००० आणि पुढे ३,००० रुपये जमा केले. २०२१च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत १,५०० रुपये जाहीर झाले.

परंतु लाभ मिळाला तो ज्याची नोंदणी चालू होती आणि ज्याचे बँक खाते चालू होते त्यालाच. नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो मालकाने किंवा ठेकेदाराने द्यावयाचा. अनेकांनी तो दिला नाही. दाखल्यावर सही केली की आपण मालक ठरतो आणि मागाहून जबाबदारी येते, ही शंका त्यामागे होती. नाक्यावरच्या माणसाला तर दाखला कोणी द्यायचा हाच प्रश्न. ज्यांची नोंदणी झाली, त्यांतील काहींचे नूतनीकरण राहून गेले. कोणाचे शून्य शिल्लक खाते दोन वर्षे व्यवहार न झाल्याने निष्क्रिय झालेले, कोणाचे खाते दीड हजार किलोमीटरवरच्या गावच्या शाखेत, कोणाच्या आधारपत्रावरील नाव पासबुकातील नावाशी न जुळणारे. बँकेच्या खिडकीवर बसणाऱ्याला या क्षुल्लक वाटणाऱ्या त्रुटी परिचयाच्या असतात. उपासमारीच्या महिन्यात त्याच त्रुटींनी माणसे अडली.

लसीकरणातही तेच झाले. मे २०२१मध्ये १८ ते ४४ वयोगटाला लस खुली झाली, तेव्हा आरंभी फोनवरून आगाऊ नोंदणी अनिवार्य होती. साधा फोन बाळगणारा गवंडी त्यात मागे पडला. पुढे केंद्रावर थेट नोंदणी सुरू झाली, बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनांनी साईटवर शिबिरे भरवली आणि ज्यांच्याविषयी "लस घ्यायला तयार नाहीत" असे म्हटले जात होते, तेच कामगार रांगेत उभे राहिले. आपल्या समाजातही असे उदाहरण आहे. भारतीय जैन संघटनेने २०२०च्या एप्रिलपासून फिरती दवाखाने पुण्यातील आणि पुढे इतर शहरांतील वस्त्यांत नेले, तेव्हा तपासून घेण्यासाठी लोक गाडीपाशी आपणहून आले. दवाखाना दाराशी आला की रोजी बुडत नाही.

महामारी गेली, रोग राहिले

करोना मागे पडला म्हणून हा विषय जुना झाला, असे नाही. मुंबईत दर पावसाळ्यात हिवताप वाढतो आणि महापालिकेचे कीटकनाशक विभागाचे कर्मचारी प्रथम बांधकामांवर येतात. शहरी हिवतापाचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. क्युरिंगसाठी बांधलेले पाण्याचे वाफे, उघड्या टाक्या, लिफ्टचा खड्डा, रिकामे ड्रम ही त्याची आवडती ठिकाणे. डासाचे अंडे ते उडता डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व पाणी उपसून जागा कोरडी केली, तर त्याचे चक्र तुटते. हे न केल्याने आजारी पडतो तो फक्त मजूर नव्हे. समोरच्या इमारतीतील आपली नातवंडेही पडतात.

क्षयाचे तसेच आहे. दगड, फरशी, काँक्रीट कापताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसांत बसते आणि अशा फुप्फुसांत क्षय लवकर शिरतो. संगमरवर आणि ग्रॅनाईटचा व्यापार करणाऱ्या घरांनी हे विशेष जाणून घ्यावे. कापताना यंत्रावर पाण्याची धार ठेवली तर धूळ जागीच बसते. क्षयाचे निदान आणि औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात, पण उपचार किमान सहा महिने चालतो आणि मजूर दर तीन महिन्यांनी साईट बदलतो. खंड पडला की रोग औषधाला दाद देईनासा होतो.

आपल्या हाती असलेले

पुढची साथ केव्हा आणि कोणत्या रूपाने येईल, हे कोणी सांगू शकत नाही. तिच्याआधी करून ठेवण्याच्या गोष्टी मात्र थोड्या आणि साध्या आहेत.

१. क्युरिंगच्या नळापासून वेगळा, फक्त हातपाय धुण्याचा नळ असावा आणि त्यापाशी दोरीला बांधलेला साबण असावा. साबण संपला की नवा आणणे हे एका ठरावीक माणसाचे काम असावे.

२. पिण्याच्या पाण्याचा पिंप झाकणाचा आणि तोटीचा असावा. आपल्या घरांत पाणी गाळून, उकळून पिण्याची परंपरा आहे. घर बांधणाऱ्यालाही झाकलेले पाणी मिळावे.

३. राहण्याच्या खोलीला समोरासमोर दोन झरोके असावेत, आणि एक खोली रिकामी ठेवावी. ताप आलेल्याला तेथे झोपता येईल.

४. आजाराच्या दिवसांची निदान अर्धी रोजी ठेकेदाराच्या करारातच लिहून घ्यावी. अंदाजपत्रकात सिमेंट आणि सळईच्या खाली तो एक मथळा असावा.

५. काम संपताना ९० दिवसांचा दाखला मागण्याची वाट न पाहता द्यावा, आणि खाते चालू आहे की नाही हे एकदा विचारावे.

६. सूचना कामगाराच्या भाषेत, त्याच्या मुकादमाच्या तोंडून, कामाला लागण्यापूर्वी पाच मिनिटे सांगावी. भिंतीवरील फलक वाचता न येणारे अनेक असतात, आणि स्त्री-कामगारांपर्यंत तर मुकादमाचा निरोपही पुष्कळदा पोहोचत नाही. त्यांच्यातीलच एखादीला ही जबाबदारी द्यावी.

हे झाले मोठ्या बांधकामाविषयी. दहांपेक्षा कमी माणसांचे काम, म्हणजे घरातील फरशी बदलणे, रंग देणे, दुकानाची दुरुस्ती, कायद्याच्या बाहेर राहते. तेथे गृहस्थाची रीत हाच कायदा. महामारीत अनेक सोसायट्यांनी कामगारांना लिफ्ट बंद केली. ती पुढेही काही ठिकाणी बंदच राहिली. आठ तास घरात काम करणाऱ्या माणसाने लघवीसाठी कोठे जावे, असा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. फरशीकाम करणाऱ्या स्त्रीने सकाळपासून पाणी न पिता दिवस काढला, तर ती तहान आपल्या घरातच सोसली गेलेली असते. त्यांना चहा देणारे घर आपल्याकडे सर्वत्र सापडते. संडासाची किल्ली देणारे घर शोधावे लागते.

श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत बंध, वध आणि छेद यांच्यासोबत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे दोन आहेत. आपल्यावर अवलंबून असलेल्या जिवावर झेपेल त्यापेक्षा अधिक भार घालणे, आणि त्याला वेळेवर अन्नपाणी न मिळू देणे. शास्त्रकारांनी हे दोष मारण्या-बांधण्याच्याच पंक्तीत बसवले. ताप असताना घमेले उचलायला लावणारी हजेरीवही आणि एकच पेला असलेला पाण्याचा ड्रम हे त्यांचे आजचे रूप आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

नव्या वास्तूच्या पायाभरणीच्या दिवशी मुहूर्त पाहिला जातो, नारळ वाढवला जातो, पेढे वाटले जातात. त्याच दिवशी प्लंबरला बोलावून जागेच्या एका कोपऱ्यात एक वेगळा नळ बसवून घ्यावा. इमारत पूर्ण झाली की तो काढून टाकता येईल. तोवर त्या नळावर हात धुऊन जेवायला बसलेली माणसेच आपले घर उभे करत असतील.